मागच्या रांगेतल्या मुली: सुरुवातीच्या हॉलिवूडमधील शोगर्ल आणि एक्स्ट्रा यांचे जगणे

पडद्यामागे

जुन्या हॉलिवूडविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते ते बहुतेक नायिकांविषयी असते, आणि त्यातही त्यांची लग्ने, घटस्फोट आणि दागिने यांवरच जास्त शाई खर्च होते. नायिकेच्या मागे जिन्यावर ओळीने उभ्या राहिलेल्या, मेजवानीच्या प्रसंगात हातात ग्लास घेऊन हसणाऱ्या किंवा एखादे वाक्य बोलून दाराबाहेर जाणाऱ्या मुली कोण होत्या, त्यांना दिवसाचे किती पैसे मिळत आणि काम नसे त्या दिवशी त्या काय करत, याविषयी मला बऱ्याच काळापासून उत्सुकता आहे. मिळेल ते वाचत गेल्यावर माझे मत असे झाले आहे की या मुलींना 'भोळ्या आणि फसलेल्या' किंवा 'नशीबवान आणि चमकलेल्या' अशा दोनच कप्प्यांत टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगार होत्या, आणि त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या मजुरीचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

आधी थोडे न्यूयॉर्कविषयी, कारण शोगर्ल घडली ती तिथे. फ्लोरेन्झ झिगफेल्डने १९०७ साली 'फॉलीज' नावाचे भव्य रंगमंचीय कार्यक्रम सुरू केले. पुढे बेचाळिसाव्या रस्त्यावरील न्यू ॲम्स्टरडॅम थिएटर हे त्यांचे घर झाले. तिथे मुलींची सरळ विभागणी होती. नाचणाऱ्या मुली वेगळ्या आणि उंच, देखण्या शोगर्ल वेगळ्या. शोगर्लने नाचायचे नसे. डोक्यावर जड मुकुट आणि अंगावर लांबलचक पोशाख सांभाळत, पायाकडे न पाहता, तोल न जाऊ देता जिना उतरून यायचे, एवढेच तिचे काम; मात्र त्या एका चालीसाठी नेड वेबर्नसारखे नृत्यदिग्दर्शक मुलींकडून पुन्हापुन्हा सराव करून घेत. मॅरियन डेव्हिस, लुईस ब्रुक्स, बार्बरा स्टॅनविक या सगळ्या त्या जिन्यावरून पुढे सिनेमात गेल्या.

कॅलिफोर्नियात पोहोचणाऱ्या बाकीच्या हजारो मुलींना मात्र असा कोणताही जिना नव्हता. १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात परिस्थिती अशी होती की काम हवे असणाऱ्या माणसाने पहाटे स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे, किंवा खासगी एजन्सीकडे नाव नोंदवून आपल्या मजुरीतला वाटा तिला द्यायचा. या एजन्सींविषयी आणि फाटकावरच्या वागणुकीविषयी तक्रारी इतक्या वाढल्या की हॉलिवूडच्या व्यापारी मंडळालाच जाहिराती द्याव्या लागल्या. काम मागायला आलेल्या गर्दीचे छायाचित्र आणि त्याखाली इशारा की सिनेमात शिरण्यासाठी इकडे येऊ नका, कारण तळापासून सुरुवात करणाऱ्या एक लाखांपैकी पाचच जण शिखरावर पोहोचले. जाहिरातीतला आकडा हा जाहिरातीतला आकडा असतो हे मान्य करूनही, एखाद्या गावच्या व्यापाऱ्यांनी 'येऊ नका' म्हणून पैसे खर्च करावेत यातून गर्दीचा अंदाज येतो.

त्यावर उपाय म्हणून निर्मात्यांच्या संघटनेने तिचे अध्यक्ष विल हेज यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९२५मध्ये सेंट्रल कास्टिंग ही संस्था स्थापन केली. ती मजुराकडून दलाली घेत नसे, खर्च स्टुडिओ उचलत. ही सुधारणा खरीच मोठी होती. स्त्री एक्स्ट्रांचा विभाग मॅरियन मेल या बाईंकडे होता, आणि त्या आधी राज्याच्या औद्योगिक कल्याण आयोगात काम केलेल्या होत्या. पण फाटकावरची रांग आता टेलिफोनच्या तारेवर गेली, इतकेच. मुलीने फोन करून आपले नाव सांगायचे, ऑपरेटरने ते मोठ्याने उच्चारायचे, पुढ्यात मागणीचे कागद घेऊन बसलेल्या माणसाला त्या नावाची गरज वाटली तर त्याने फोन उचलायचा, नाहीतर मुलीने 'काम नाही' एवढे उत्तर ऐकून फोन ठेवून द्यायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा फिरवायचा. १९३०च्या सुमारास तिथे सतरा हजारांवर नावे नोंदलेली होती आणि दिवसाकाठी काम निघत असे ते काही शेकड्यांना.

दर साधारण असे होते: नुसत्या गर्दीसाठी तीन ते पाच डॉलर, चांगल्या कामासाठी साडेसात, आणि स्वतःचे उंची कपडे घेऊन येणाऱ्या 'ड्रेस एक्स्ट्रा'ला दहा ते पंधरा. आठवड्यात साडेसातचे दोन कॉल, म्हणजे कामाची बोलावणी, मिळाले तर हातात पंधरा डॉलर येतात. त्यातून खोली, जेवण, ट्रामचे भाडे, रेशमी मोजे आणि केस. म्हणून मला वाटते की या मुलींच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे त्यांचा कपड्यांचा कपाट-पेटारा. ज्या मुलीकडे संध्याकाळचा एक चांगला गाऊन होता तिची मजुरी दुप्पट होती. तो गाऊन हेच तिचे भांडवल.

याविषयी ज्यांनी वाचले किंवा पाहिले असेल त्यांनी अवश्य लिहावे.

अक्षरवेल

फार उत्तम विषय. राहण्याच्या सोयीविषयी थोडी भर घालते. या मुलींची सुरक्षित निवाऱ्याची अडचण १९१६ सालीच लक्षात आली होती. हॉलिवूडच्या सार्वजनिक वाचनालयात जमून नाटके वाचणाऱ्या तरुण मुली पाहून तिथल्या ग्रंथपालबाईंनी हालचाल केली आणि त्यातून वायडब्ल्यूसीए या तरुण स्त्रियांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेच्या आश्रयाखाली हॉलिवूड स्टुडिओ क्लब सुरू झाला. त्याची लोडी प्लेसवरची मोठी इमारत १९२६ साली उघडली आणि तिचा आराखडा ज्युलिया मॉर्गन या नामवंत स्त्री-वास्तुविशारदाने केला होता. आठवड्याला दहा डॉलरच्या आसपास भाड्यात खोली आणि दोन वेळचे खाणे मिळे, आणि पुरुष पाहुण्यांना वरच्या मजल्यांवर प्रवेश नसे.

मराठी वाचकांना अगदी परिचित असलेले एक नाव या क्लबशी जोडलेले आहे, ते लेखिका आयन रँडचे. १९२६ साली रशियातून आलेली ही तरुणी तिथेच राहत होती. दिग्दर्शक सेसिल डेमिलच्या स्टुडिओच्या फाटकाशी तिची त्याच्याशी गाठ पडली आणि येशूच्या जीवनावरील त्याच्या भव्य मूकपटात तिला साडेसात डॉलर रोजाने गर्दीतले काम मिळाले. त्याच सेटवर तिला तिचा भावी नवरा, फ्रँक ओकॉनर, भेटला. तोही किरकोळ भूमिका करणारा नट होता. पुढे ती आरकेओ स्टुडिओच्या कपडेपटाच्या विभागात नोकरीला लागली. एका दात्याने क्लबमधल्या सर्वांत गरजू मुलीला पन्नास डॉलर द्यावेत असे सुचवले तेव्हा ते आयनला मिळाले, आणि तिने त्या पैशांतून झुळझुळीत अंतर्वस्त्रे विकत घेतली, अशी गोष्ट सांगितली जाते. अनेक जण ती तिच्या हट्टी स्वभावाचे उदाहरण म्हणून सांगतात. तुमचा भांडवलाचा मुद्दा वाचल्यावर मला ती वेगळी वाटू लागली. भुकेपोटी मिळालेले पैसे मनाजोगत्या एका वस्तूवर उडवावेसे वाटणे यात मला माणूसपणच दिसते.

जुना प्रेक्षक

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण चित्र थोडे एकाच रंगात रंगवले गेले आहे असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. मागच्या रांगेतून पुढे आलेल्यांची यादी लहान नाही. जोन क्रॉफर्ड ही मूळची ल्युसिल लसूर, न्यूयॉर्कच्या कोरसमध्ये, म्हणजे समूहनृत्यात, नाचत असताना एमजीएम स्टुडिओच्या नजरेस पडली आणि १९२५च्या जानेवारीत आठवड्याला ७५ डॉलरच्या करारावर कॅलिफोर्नियात आली. तिचे एक पहिले काम म्हणजे नॉर्मा शिअररच्या दुहेरी भूमिकेच्या चित्रपटात तिची पाठमोरी प्रतिकृती म्हणून उभे राहणे. त्याच वर्षी एका चित्रपटात ती आणि मिर्ना लॉय दोघीही शोगर्लच्या रांगेत आहेत. मिर्ना ही त्याआधी ग्रॉमनच्या इजिप्शियन थिएटरमध्ये मूकपट सुरू होण्यापूर्वीच्या नृत्यात नाचत असे. ल्युसिल बॉल १९३३ साली निर्माता सॅम्युएल गोल्डविनच्या चित्रपटांतील नर्तकींच्या ताफ्यात, बारा 'गोल्डविन गर्ल्स'पैकी एक म्हणून आली, तीसुद्धा ठरलेल्या एका मुलीने ऐनवेळी माघार घेतल्यामुळे, आणि काही आठवड्यांचे काम काही महिने लांबले म्हणून तिथेच राहिली. ज्या आरकेओमध्ये ती किरकोळ भूमिका करत होती तो स्टुडिओ तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कंपनीने १९५७ साली विकत घेतला. कान्सास किंवा टेक्सासमधल्या मुलीपुढे दुसरे पर्याय कोणते होते, तर दुकानातली नोकरी, गिरणी किंवा लग्न. तिने हा मार्ग निवडला यात मला शहाणपणही दिसते.

पडद्यामागे

तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. या मुलींनी डोळे उघडे ठेवून निवड केली होती, आणि दुकानातल्या दहा तासांच्या पायपिटीशी तुलना करता साडेसात डॉलरचा दिवस हा मोहात पाडणाराच होता. माझी हरकत एवढीच आहे की आपण वर चढलेल्या पाचसहा जणींच्या पावलांवरून संपूर्ण वाटेचा नकाशा काढतो. शिवाय ही वाट दोन्ही दिशांनी चालत असे. लुईस ब्रुक्स १९२५ साली झिगफेल्डच्या रांगेत होती, नंतर पॅरामाउंटची अभिनेत्री झाली, जर्मनीत दिग्दर्शक पाब्स्टबरोबर तिने केलेले काम आज जगभर अभ्यासले जाते. पण कोलंबिया स्टुडिओने चाचणीचे आश्वासन देऊन तिला १९३७ सालच्या एका चित्रपटात पुन्हा कोरसमध्ये नाचायला लावले आणि 'माजी तारका नव्याने सुरुवात करते आहे' अशी प्रसिद्धीही केली. काही वर्षांनी ती न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विक्रेती म्हणून काम करत होती. म्हणजे तुम्ही सांगितलेला दुकानाचा पर्याय काही जणींच्या वाट्याला शेवटी आलाच.

संगीतपटांच्या भरती-ओहोटीचा परिणामही लक्षात घ्यायला हवा. बोलपट आल्यावर १९२९मध्ये प्रत्येक स्टुडिओला नाचगाणे हवे झाले आणि न्यूयॉर्कमधल्या कोरसच्या मुली रेल्वेने पश्चिमेकडे आल्या. १९३०च्या अखेरीस प्रेक्षक अशा चित्रपटांना इतके कंटाळले की चित्रित झालेली गाणीही प्रदर्शनापूर्वी कापली जाऊ लागली आणि या मुली बेकार झाल्या, त्याही महामंदीच्या ऐन सुरुवातीला. त्यांना पुन्हा काम मिळाले ते १९३३मध्ये, वॉर्नर स्टुडिओच्या आणि नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कलीच्या चित्रपटांमुळे.

दिवेकंदील

बर्कलीचा उल्लेख आला म्हणून एक प्रसंग सांगतो, कारण सेटवरचा धोका त्यातून नेमका कळतो. १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी सहाच्या जरा आधी लाँग बीचचा भूकंप झाला, तेव्हा वॉर्नरच्या बर्बँक येथील स्टुडिओत त्याच्या एका प्रसिद्ध गाण्याचे चित्रण चालू होते. मुलींच्या हातात निऑनच्या नळ्या लावलेली व्हायोलिने होती, त्यांच्या तारा पोशाखातून नेलेल्या होत्या, आणि बऱ्याच मुली सुमारे तीस फूट उंचीच्या अरुंद मंचावर उभ्या होत्या. धक्का बसताच दिवे गेले, काही व्हायोलिनांत शॉर्टसर्किट झाले, आणि कॅमेऱ्याच्या उंच दांड्यावर बसलेला बर्कली स्वतः खाली पडता पडता वाचला. स्टुडिओची दारे उघडून उजेड आत येईपर्यंत मुलींनी आहेत तिथेच खाली बसून राहावे, असे तो ओरडून सांगत होता. अंगात विजेच्या तारा, पायाखाली हलणारी लाकडी फळी आणि सभोवती मिट्ट काळोख अशा स्थितीत त्या बसून राहिल्या. पडद्यावर ते गाणे पाहताना तरंगणाऱ्या पांढऱ्या झग्यांखेरीज यातले काहीही दिसत नाही.

मूकपटांच्या काळात दिव्यांचा त्रास याहून रोजचा होता. कार्बन आर्कच्या प्रखर दिव्यांमुळे डोळे सुजून लाल होत आणि वाळू गेल्यासारखे खुपत. त्या आजाराला 'क्लीग आय' असे नावच पडले होते. नायिकेला विश्रांती मिळे. रोजावर आलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी पुन्हा फोन फिरवावा लागे.

चंद्रज्योत

या चर्चेत एक नाव यायलाच हवे, ते पॅट्रिशिया डग्लसचे. ती वीस वर्षांची नर्तकी होती आणि दोनतीन चित्रपटांच्या कोरसमध्ये नाचली होती. मे १९३७मध्ये तिला आणि इतर शंभराहून अधिक नर्तकींना चित्रपटाच्या कामाचा म्हणून नेहमीसारखा कॉल आला. साडेसात डॉलर आणि गरम जेवण, एवढेच सांगितले होते. त्यांना काउबॉय पद्धतीचे पोशाख आणि मेकअप देऊन बसमधून निर्माता हॅल रोचच्या मळ्यावर नेण्यात आले. तिथे कॅमेरा नव्हता. एमजीएमच्या देशभरातील विक्री प्रतिनिधींची मेजवानी होती, आणि शेकडो दारू प्यायलेले पुरुष त्यांची वाट पाहत होते. त्या रात्री शिकागोच्या एका विक्रेत्याने पॅट्रिशियावर बलात्कार केला.

तिने गप्प बसायचे नाकारले. तिने जिल्हा सरकारी वकिलाकडे तक्रार केली, वर्तमानपत्रांत तिचे नाव, छायाचित्र आणि पत्ता छापून आला, आणि खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ग्रँड ज्युरीने, आरोप दाखल करण्यास नकार दिला. ज्याने प्रत्यक्ष पाहिले होते अशा वाहनतळावरील कर्मचाऱ्याने साक्ष फिरवली. पुढे त्याला त्याच स्टुडिओत नोकरी मिळाली. तिने स्टुडिओविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा लावला, तर तिचा स्वतःचा वकील सुनावणीला हजर न राहिल्याने तो निकालात निघाला. त्यानंतर तिचे नाव चित्रपटसृष्टीच्या आठवणीतून पुसले गेले. डेव्हिड स्टेन या चरित्रकाराने तिला साठाहून अधिक वर्षांनी शोधून काढले, आणि २००३ साली तिची हकीकत तिच्याच तोंडून छापून आली. त्याच वर्षी ती वारली.

धागाकर्तीने सेंट्रल कास्टिंगला सुधारणा म्हटले आहे. ते दलालीपुरते खरे आहे. पण कॉल नाकारणाऱ्या मुलीला पुन्हा फोनवर 'काम नाही' ऐकावे लागेल ही भीती ज्या व्यवस्थेत आहे, तिथे कशासाठी बोलावले आहे हे विचारण्याची ताकद कोणाकडे असणार?

पडद्यामागे

चंद्रज्योत, तुमचे म्हणणे योग्य आहे आणि पॅट्रिशियाविषयी इतक्या नेमकेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ज्या महिन्यात ही घटना घडली त्याच महिन्यात स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेचा निर्मात्यांशी पहिला करार झाला. त्यात नटांना दिवसाला किमान २५ डॉलर आणि एक्स्ट्रांना किमान साडेपाच डॉलर ठरले. एका वाक्याची भूमिका मिळाली की मजुरी एकदम काही पट होत असे, ती याच दरीमुळे. करारात तास आणि दर यांची भाषा होती, आणि तीही चार वर्षांच्या झगड्यानंतर मिळालेली.

सागरवाट

रांगेत कोणाला उभे राहू दिले जात होते हाही प्रश्न आहे. झिगफेल्ड आणि गोल्डविन यांच्या त्या 'आदर्श' मुली सगळ्या गोऱ्या. चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग हिचे पहिले काम म्हणजे १९१९ सालच्या एका मूकपटात कंदील धरणाऱ्या शेकडो चिनी मुलींपैकी एक होणे. नामावलीत तिचे नाव नव्हते. जेनी लेगॉन ही शिकागोची अप्रतिम टॅप नर्तकी १९३५ साली प्रसिद्ध टॅप नर्तक बिल रॉबिन्सनबरोबर चमकली आणि एमजीएमने तिच्याशी दीर्घ मुदतीचा करार केला. असा करार मिळालेली ती त्या स्टुडिओतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण तिथे एलिनॉर पॉवेल आधीच टॅप नर्तकी म्हणून होती. एक चित्रपटही न देता करार रद्द झाला. त्यानंतरच्या बहुतेक चित्रपटांत जेनी मोलकरीण म्हणून दिसते. पुढे ती व्हँकुव्हरला गेली आणि अनेक वर्षे तिने मुलांना नाच शिकवला.

अक्षरवेल

नाच शिकवण्यावरून डोरिस ईटन आठवली. १९१८ साली चौदाव्या वर्षी ती खोटे नाव लावून फॉलीजमध्ये आली, काही मूकपट केले, आणि ते काम आटल्यावर आर्थर मरेच्या नृत्यशाळांत शिक्षिका झाली; मिशिगनमध्ये तिने अठरा शाळा चालवल्या. वयाच्या ८८व्या वर्षी तिने विद्यापीठाची पदवी घेतली आणि २०१०मध्ये १०६ वर्षांची होऊन वारली. त्याआधी काही वर्षे ती न्यू ॲम्स्टरडॅमच्या त्याच रंगमंचावर दरवर्षी एका निधी संकलनाच्या कार्यक्रमात नाचत असे.

जुना प्रेक्षक

पॅट्रिशिया डग्लसविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. तो प्रतिसाद दोनदा वाचला. एक शंका आहे. ज्यांनी नायिका होण्याचा नाद न धरता मागच्या रांगेलाच आयुष्यभराचा व्यवसाय केला, अशा कोणी होत्या का? आणि त्यांना आज पडद्यावर ओळखायचे कसे?

पडद्यामागे

होत्या, आणि त्यांच्यात सर्वांत वरचे नाव बेस फ्लॉवर्सचे. १८९८ साली टेक्सासमधील शेर्मन येथे जन्म, कार्नेगी संस्थेत नाट्यशिक्षण, १९२३पासून चित्रपटांत, आणि १९६४पर्यंत आठशेहून अधिक चित्रपट. ती शोगर्ल नव्हती, पण पाच फूट आठ इंच उंची, ताठ चाल आणि स्वतःचा जपलेला कपडेपट यांच्या बळावर ती ड्रेस एक्स्ट्रांची राणी ठरली. मेजवानी, नाट्यगृहाचा पहिला खेळ, न्यायालय, जहाजाचा डेक असे काहीही असो, बेस तिथे आहे आणि तिथलीच आहे असे वाटते. स्वतःकडे लक्ष वेधून न घेता प्रसंग खरा करणे हे कौशल्य आहे, आणि त्या कौशल्याची कदर अजूनही पुरेशी झालेली नाही असे मला ठामपणे वाटते. १९४५ साली एक्स्ट्रांची स्वतंत्र संघटना, स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड, उभी राहिली तिच्या संस्थापकांतही ती होती.

ओळखायचे असेल तर 'इट हॅपन्ड वन नाइट'पासून सुरुवात करा. त्यात वृत्तपत्राच्या संपादकाची सेक्रेटरी ॲग्नेस ती आहे आणि तिला बोलायला मिळाले आहे, त्यामुळे चेहरा नीट लक्षात राहतो. त्यानंतर 'ऑल अबाउट ईव्ह' लावा आणि पुरस्कार समारंभानंतर अभिनंदन करायला पुढे येणाऱ्या बायकांकडे पाहा. उंच, सडपातळ, केस व्यवस्थित मागे घेतलेले, आणि मान किंचित कललेली. एकदा ती दिसू लागली की त्या दोन दशकांच्या जवळजवळ प्रत्येक मेजवानीत सापडते, आणि मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बायकांचे चेहरेही पुन्हापुन्हा दिसू लागतात. ज्यांना त्यांतली नावे ठाऊक असतील त्यांनी चित्रपटाचे नाव आणि प्रसंग यांसह इथे नोंदवावीत. मी ती मूळ धाग्यात जोडत जाईन.